राहिलं का पोटात?

फासोले पुन्हा ओकलं ते रविवारी सकाळी, आणि ओकायला त्याला अख्ख्या घरात जागा सापडली ती दोरूच्या खुर्चीखालच्या लोकरी सतरंजीवर. फरशीवर ओकणारं मांजर अजून जन्माला यायचंय. स्वयंपाकघरात फरशी, न्हाणीघरात फरशी, सज्जात तर नुसतं सिमेंट. पण पोटात ढवळायला लागलं की महाराज धावत जाऊन लोकर शोधणार.

स्मारांदा बादली घेऊन गुडघ्यांवर बसली. बादली निळी, प्लास्टिकची, कडेला टवका उडालेली. हीच बादली गेल्या हिवाळ्यात दोरूच्या, तिच्या नवऱ्याच्या, पलंगाशी असायची. तो गेल्यावर ती फेकून द्यायला हवी होती असं तिला रोज वाटायचं, आणि रोज तिचीच गरज पडायची.

"राहिलं का पोटात काही?" आतल्या खोलीतून सासूने विचारलं.

"नाही राहिलं, आई."

"काहीच नाही?"

"येऊन बघा हवं तर."

म्हातारी आली नाही. आत खाट तेवढी करकरली.

हा प्रश्न त्या घरात दोरूच्या आजारपणापासून मुक्कामाला आला होता. दोरू ब्राइला शहराच्या बंदरावर क्रेन चालवायचा. दांडगा गडी, एका बैठकीत परातभर जेवणारा. पण पोटातच आजार निघाला आणि शेवटच्या महिन्यांत पाण्याचा घोटही आत टिकेना. त्याची आई, सावेता, रोज सूप करायची, फडक्यातून गाळायची, चमच्याने भरवायची आणि मग दाराबाहेर उभी राहून विचारायची, "राहिलं का रे पोटात?"

"राहिलं, आई. झकास झालं होतं," दोरू सांगायचा, भिंतीला धरत न्हाणीघरात जायचा आणि नळ पूर्ण सोडायचा. पाणी धो धो वाहायचं. त्या आवाजाआड काय चालतं हे स्मारांदाला ठाऊक होतं. न्हाणीघर नंतर तीच धुवायची. म्हातारीला मात्र वाटायचं, पोरगा तोंड धुतोय. निदान स्मारांदाचा तरी तसा समज होता.

मग दोरू गेला. आणि सावेताने पाद्रीबाबांपासून खड्डा खणणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवलं: माझा पोरगा भुकेला गेला.

फासोले मूळचं दोरूचंच. बंदरात घेवड्याच्या पोत्यांमागे ते मुठीएवढं पिल्लू त्याला सापडलं, कोटाच्या खिशातून घरी आलं, आणि फासोले म्हणजे घेवडा हेच त्याचं नाव पडलं. आजारपणात ते दिवसरात्र दोरूच्या पोटावर निजायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे थांबायचं नाही ते दुखणं त्या राखाडी गाठोड्याच्या उबेने थोडं थांबायचं. निदान दोरू म्हणायचा तसं.

तो गेला आणि वसंत लागता लागता मांजराचं पोट बिघडलं. कधी उलटी, कधी हगवण, कधी दोन्ही. आधी स्मारांदाला वाटलं, दुःखाने झालं असेल. माणसाचं होतं तसं. शिवणकामाच्या कारखान्यात ती शर्टांना कॉलर लावायची. तिथे तर प्रत्येक मशीनवर एक वैद्य बसलेली. एकीने कॅमोमाइलच्या फुलांचा काढा सांगितला, दुसरीने मऊ भात, आणि जेनिका नावाच्या तिसरीने पोटाला दारू चोळायला सांगितली.

"मांजराच्या की माझ्या?" स्मारांदाने विचारलं.

"तुझ्या आतून, त्याच्या बाहेरून," जेनिका म्हणाली. मग मशीन थांबवून हळूच म्हणाली, "स्मारांदा, राग मानू नकोस, पण नवऱ्यासाठी तू एवढी धावली नव्हतीस गं."

स्मारांदाने राग मानला नाही. खरं होतं ते. दोरूच्या वेळी धावायला काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हात टेकले होते. नंतर होती ती नुसती बादली. इथे अजून धावता येत होतं. एवढंसं पोट. एक पोट तरी आपल्या हातून सावरलं जावं, इतकंच तिला हवं होतं, आणि हे हवं असणं इतकं मोठं होतं की कोणाला सांगायची तिला लाज वाटायची.

गुरांचे डॉक्टर तुदोसे यांनी मांजर दाबून, उलटंसुलटं करून पाहिलं आणि सांगितलं, "आतडी सुजली आहेत. बहुतेक खाण्यातलंच काहीतरी सोसत नाही. आता फक्त सशाचं मांस. उकडलेलं, बिनमिठाचं. दूध नाही, मासा नाही, माणसांच्या ताटातलं चाटण्यापुरतंही नाही. एक घास चुकला की सगळं पहिल्यापासून."

घरी येऊन स्मारांदाने हे सगळं सासूला सांगितलं. सावेता दुखावली. "म्हणजे मी देते असं म्हणायचंय का तुला?"

"मी काही म्हणत नाही, आई. डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टरांनी दोरूलाही सांगितलं होतं, हे खाऊ नको, ते खाऊ नको. कुठे गेला बघ." पण मग ती उठली, कोनाड्यातल्या मरियामातेच्या तसबिरीपुढे गेली, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "माझ्या ताटातला एक कणही मी त्या मांजराला घालणार नाही. घातला तर हात झडोत माझे."

सावेतात शंभर खोडी होत्या, पण तसबिरीपुढे ती खोटं बोलणारी बाई नव्हती. स्मारांदाने विश्वास ठेवला.

सशाचं मांस सुरू झालं. फासोले ते हुंगायचं, स्मारांदाकडे बघायचं आणि मीठ विसरलेल्या सुनेकडे सासू बघते तसं तोंड करून खायचं. पहिल्या आठवड्यात तब्येत सुधारली. बुधवारी-गुरुवारी तर ते खिडकीत बसून कबुतरांना शिव्या घालायला लागलं. आणि रविवार उजाडला की पुन्हा बादली. असं उन्हाळाभर चाललं. थोडं वर, मग धाडकन खाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मग सुया दिल्या, गोळ्या बदलल्या. मांजराच्या पाठीचे मणके हाताला लागायला लागले. दोरूचेही असेच लागायचे, आंघोळ घालताना.

"घरात कोणी काही देत नाही ना?" डॉक्टर प्रत्येक वेळी विचारायचे.

"घरात आहे कोण? मी आणि आई. आणि आईंनी शपथ घेतलीय."

शरदात मांजराच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. ते खिडकीत चढेना. डॉक्टरांनी रक्त काढून तपासायला पाठवलं, आणि शनिवारी दुपारी कारखान्यात स्मारांदाला त्यांचा फोन आला.

"तुमचं मांजर कांदा खातं का?"

"कांदा? मांजर कशाला कांदा खाईल, डॉक्टर?"

"नुसता नाही खाणार. शिजवलेल्यात, मांसाबरोबर असेल तर खाईल. त्याचं रक्त आतल्या आत फुटतंय. मांजरांमध्ये कांद्या-लसणाने असं होतं. नीट आठवा, बाई. कुणीतरी देतंय, आणि बऱ्याच दिवसांपासून देतंय."

तिने मशीनवरची कॉलर अर्धी सोडली. जेनिकाने काहीतरी विचारलं. ते तिला ऐकूच आलं नाही.

त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यापासूनच सारमाल्यांचा वास येत होता. कोबीच्या आंबवलेल्या पानांत खिमा, तांदूळ आणि ढीगभर कांदा गुंडाळून सावेता ते पहाटेपासून मंद आचेवर ठेवायची. त्यात नवल नव्हतं. शनिवार मेलेल्यांचा. सावेता दर शनिवारी रांधायची आणि दोरूच्या नावाने पोमाना द्यायची. पोमाना म्हणजे मेलेल्याच्या जिवासाठी दिलेलं अन्न: इथे जो खाईल त्याच्या तोंडून ते तिथे पोचतं. हे ती चर्चजवळ कुणाला तरी देते असं स्मारांदा धरून चालली होती. कधी विचारलं नव्हतं. दोरूच्या नावाचं ताट ती बघूच शकत नसे.

दार उघडून ती आत गेली. स्वयंपाकघरातून मेणाचा वास आला.

जमिनीवर पांढरा धुतलेला टॉवेल अंथरला होता. त्यावर दोरूची निळ्या काठाची थाळी, शेजारी पेटलेली बारीक मेणबत्ती, आणि पेल्यात बोटभर वाइन. थाळीत दोन सारमाले, कुस्करून, फुंकून गार केलेले. फासोले पुढचे पाय टॉवेलवर ठेवून खात होतं. हावरटासारखं, मान हलवत, कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं तसं. सावेता स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते स्मारांदाने दोरू आजारी पडल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हातारी खूश होती.

"खा, राजा. सावकाश खा," ती म्हणत होती. "आहे अजून."

स्मारांदाने थाळी ओढून घेतली. मेणबत्ती कलंडली आणि विझली. मांजर दचकून स्टुलाखाली गेलं.

"शपथ घेतली होती तुम्ही. मरियामातेपुढे."

"मोडली नाहीये मी."

"हे काय आहे मग?"

"माझ्या ताटातलं नाही ते." सावेता उठली नाही. आवाजही चढला नाही. "मी माझ्या ताटातलं देणार नाही म्हटलं होतं, आणि नाही दिलं. हे ताट दोरूचं आहे. मेणबत्ती लावून त्याच्या नावाने सोडलं की ते माझं राहतच नाही, हे तुला तुझ्या आईने शिकवलं नाही का? दुसऱ्याचं अन्न मी कशी अडवू?"

स्मारांदाला हसू आलं की रडू हे तिचं तिलाच कळलं नाही. "अहो, मांजराला पोमाना देतं का कोणी?"

"पाद्रीबाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, सगळी देवाचीच लेकरं."

"ते घाईत असतील, आई."

"असतील. पण म्हणाले."

"त्याच्या अंगात रक्त उरलं नाहीये. कांद्याने. डॉक्टरांचा फोन आला होता. तुम्ही दर शनिवारी त्याला विष घालताय आणि मी रविवारी ते पुसतेय. कळतंय का तुम्हाला?"

म्हातारीने स्टुलाखाली पाहिलं. तिथून फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. "कांद्याने?" ती म्हणाली. "दोरूला कांदा आवडायचा."

"हे दोरू नाहीये."

"ते मला माहीत आहे गं. म्हातारी झालेय, खुळी नाही." तिने कलंडलेली मेणबत्ती उचलली. "मग देऊ कुणाला ते सांग. खालचा वासिले, त्याला साखर आहे, तो नको म्हणतो. दुसऱ्या मजल्यावरचे सगळे इटलीत. समोरचे त्या नव्या पंथात गेलेत, मेलेल्यांच्या नावाचं घेतलं तर त्यांना पाप लागतं. चर्चात प्रत्येक बाई आपलं ताट घेऊन येते, एकमेकींच्या हातात देतात आणि घरी नेऊन कोंबड्यांना टाकतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या पोराचं जेवण कोंबड्यांना? आणि तुला दिलं होतं मी. तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, सगळ्यांदेखत, पहिलं ताट तुझ्यापुढे केलं. तू म्हणालीस, मला नको."

ते ताट स्मारांदाला आठवत होतं. पोमानाला नको म्हणायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्या दिवसांत कुठलंही शिजलेलं अन्न नाकाशी आलं की तिला निळी बादलीच आठवायची. तिने हात मागे घेतला होता, एवढंच.

"या घरात त्याच्या ताटातलं कोणी खाल्लं? यानेच खाल्लं," सावेता म्हणाली. "एकदासुद्धा नको म्हणालं नाही. ते खायचं आणि मला वाटायचं, पोचलं. आज जेवला. आज तरी पोटभर जेवला."

"आणि रविवारी सगळं ओकायचं ते? ते कुठे पोचायचं?"

हे बोलायला नको होतं. तोंडातून निघाल्यावर तिला ते कळलं. म्हातारीने हातांत तोंड लपवलं आणि तशीच बसून राहिली. स्मारांदाने मांजराला स्टुलाखालून काढलं, कोटात गुंडाळलं आणि ती चार मजले उतरून गेली.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, दुसऱ्या एका मांजराचं रक्त मिळवून चढवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जीव धरतंय. तिसऱ्या दिवशी म्हणाले, घरी न्या. निरोप देताना त्यांनी तिला बाजूला घेतलं. "एक सांगतो. आतडं मुळातूनच खराब होतं. दोन-तीन गाठी लागल्या हाताला. कांद्याने लवकर ओढलं, एवढंच. नाहीतरी फार दिवस नव्हतेच."

हे घरी जाऊन सावेताला सांगता आलं असतं. स्मारांदाने सांगितलं नाही. तिला कुणालातरी दोषी धरायला हवं होतं. दोरूच्या वेळी तसं कोणीच मिळालं नव्हतं.

फासोले आठवडा संपायच्या आत गेलं. सशाचं मांस त्याच्यापुढे होतं, त्याने तोंड लावलं नाही. दोरूच्या खुर्चीखालच्या सतरंजीवर ते येऊन निजलं. स्मारांदा बादली घेऊन शेजारी बसली, पण ओकायला त्याच्या पोटात काही नव्हतंच. इमारतीमागे अक्रोडाचं झाड आहे, तिथे तिने खड्डा खणला. सावेता जिना उतरून आली. तिने दोरूचा मफलर आणला होता. स्मारांदाने तो घेतला, मांजरावर घातला, आणि दोघी एकमेकींशी न बोलता वर आल्या.

त्या शनिवारी सावेताने काही रांधलं नाही. ती स्टुलावर बसून होती. शेगडी गार होती. संध्याकाळी ती एकदाच बोलली, तेही भिंतीशी: "आज त्याच्याकडे काही नाही."

पुढच्या शनिवारी मात्र ती उठली. कोबीची पानं सोडवली, खिमा मळला. स्मारांदा घरी होती. ती आपल्या खोलीत बसून राहिली. दुपारी सावेताने निळ्या काठाची थाळी भरली, टॉवेल खांद्यावर घेतला, मेणबत्ती घेतली आणि बाहेर पडली. स्मारांदाला जिन्यातलं सगळं ऐकू येत होतं. समोरचं दार वाजलं. कुणीतरी अदबीने नाही म्हणालं. खालच्या मजल्यावर घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. मग वासिलेचा आवाज आला: "सावेताबाई, मारताय का मला? काल पाव खाल्ला तर साखर आभाळाला भिडली." मग म्हातारीची पावलं वर यायला लागली, प्रत्येक मजल्यावर थांबत.

ती आत आली. थाळी तशीच भरलेली होती. ती ठेवायची कुठे हे न कळून ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि सवयीने जमिनीकडे बघत राहिली.

स्मारांदा येऊन टेबलाशी बसली.

"द्या," ती म्हणाली.

"काय?"

"ताट द्या इकडे. आणि ऐका. मांजर तसंही जाणारच होतं. आतड्यात गाठी होत्या. डॉक्टर म्हणाले."

सावेता तिच्याकडे बघत राहिली. "कधी म्हणाले?"

"गेलं त्याच्या आधी."

"मला आधी सांगता आलं नसतं?"

"आलं असतं," स्मारांदा म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. तिने मेणबत्ती पेटवून पेल्यात उभी केली, थाळी दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाली, "हे दोरूच्या जिवासाठी."

"बोगदाप्रोस्ते," स्मारांदा म्हणाली. पोमाना घेताना म्हणायचा तो शब्द. देव त्याचं भलं करो. ती पहिल्यांदाच तो नवऱ्यासाठी उच्चारत होती.

पहिला घास गिळला गेला. दुसऱ्याला कांदा लागला, चरबी टाळूला चिकटली, आणि पोट वर यायला लागलं. तिने खाणं थांबवलं नाही. चावत राहिली, गिळत राहिली, डोळ्यांतून पाणी आलं तरी. त्या मोठ्या गड्याने चमचाभर सूप आत ठेवण्यासाठी भिंतीला धरून काय केलं असेल हे तिला तेव्हा कळलं, आणि ती मोठ्याने रडली, तोंडात घास घेऊन. सावेताने अडवलं नाही. ती समोर स्टुलावर बसली होती, हात मांडीवर. स्मारांदाने थाळी पावाने पुसून साफ केली.

"राहिलं का गं पोटात?" सावेताने विचारलं.

"राहिलं, आई," स्मारांदा म्हणाली. "झकास झालं होतं."

ती उठली, भिंतीला धरून न्हाणीघरात गेली आणि तिने नळ पूर्ण सोडला.

पाणी बराच वेळ धो धो वाहत होतं. तिने नळ बंद केला, तोंड पुसलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की म्हातारी दाराच्या पलीकडे अगदी जवळ उभी आहे.

"पुढच्या वेळी कांदा कमी घालते," सावेता बाहेरून म्हणाली. "दोरूच्या सुपातही कमीच घालायचे मी, शेवटी शेवटी."